साफ

हौसेला मोल नसतं म्हणतात. असं म्हणणाऱ्याने कधी शिकार केलेली नसावी. मोल असतं, आणि चांगलं सणसणीत असतं. बंदूक, परवाना, काडतुसं, कुत्र्याचं खाणं, वर शिकारी मंडळाची वर्षाची वर्गणी. राजधानी झाग्रेबचे पैसेवाले मोठाल्या गाड्या घेऊन येतात, एक डुक्कर पाडतात, फोटो काढतात आणि जातात. आमच्या पापुक डोंगराच्या पायथ्याशी मंडळाचे बावीस शिकारी आहेत, आणि त्यांत पैसेवाला औषधालाही सापडायचा नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. म्हणून आमच्याकडे वर्गणी हातांनी फेडतात. तोमो वेल्डर आहे, तो रानातली मचाणं आणि फाटकं फुकट जोडून देतो. लोव्रो बेकरीवाला, तोच मंडळाचा अध्यक्ष, हाकारा असला की सगळ्यांचा पाव त्याच्याकडून. आणि ब्लाझ बस चालवतो. सकाळी सहाला गावातून शहरात, अकराला परत. त्याच्या वाट्याला आलेलं काम सगळ्यांत हलकं, असं सगळेच म्हणायचे.

काम एवढंच. मारलेल्या प्रत्येक रानडुकराच्या छातीखालच्या पडद्याचा अक्रोडाएवढा तुकडा बरणीत घालून शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात द्यायचा. मांसात जंत आहेत का ते तिथे भिंगाखाली बघतात. हे जंत साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि मिठाला, धुराला दाद देत नाहीत. पोटात गेले की माणसाच्या स्नायूंत घर करून बसतात. आधी पापण्या सुजतात, मग ताप येतो, मग अंग असं दुखतं की चमचा उचलवत नाही. आमच्या आजोबांच्या वेळी एका लग्नातली अख्खी पंगत अशी आडवी झाली होती. तिघं गेले, त्यांत नवरी एक.

म्हणून आमच्यात एक रीत पडली आहे. शिकारीचं सॉसेज पंगतीत कापायच्या आधी लोव्रो सुरी वर धरतो आणि ओरडतो, "ब्लाझ, काय?" ब्लाझ ओरडतो, "साफ!" मग सगळे "साफ!" म्हणून ग्लास उचलतात आणि सुरी चालते. पूर्वी दवाखान्याचा कागद बघत. मग एका वर्षी लोव्रोच म्हणाला, "कागद कशाला रे? ब्लाझ म्हणाला म्हणजे झालं." दहा वर्षं असंच चाललं.

अकराव्या वर्षी, ऑगस्टमध्ये, दवाखाना सणाच्या सुट्टीमुळे बंद होता. बरणी तीन दिवस बसमध्ये राहिली, नासली, वास मारायला लागली. ब्लाझने ती नाल्यात रिकामी केली आणि गावात येऊन सांगितलं, साफ. कुणाला काही झालं नाही. तपासणीच्या फीचे पैसे मंडळाने दिले होते, ते खिशातच राहिले, आणि त्यांत पाच काडतुसं आली. पाच काडतुसं म्हणजे महिनाभराची शिकार. सप्टेंबरमध्ये त्याने दुसरी बरणी नाल्यात ओतली. डिसेंबरच्या सुरुवातीला तिसरी. ती म्हातारी मादी तोमोने पाडली होती, आणि तिची सॉसेजं घरोघर गेली होती. ब्लाझच्याही घरी.

माणूस वाईट नव्हता हो. पण हलकं काम माणसाला कधी हलकट करतं, ते त्याचं त्यालाही कळत नाही.

बावीस जानेवारीला संत विन्सेंटचा दिवस. दुपारी सगळं गाव द्राक्षाच्या मळ्यात जमतं, वेलीला सॉसेजची माळ बांधतात, मुळाशी जुनी वाइन ओततात आणि येणारं वर्ष चांगलं जावं म्हणून खातात-पितात. त्या दिवशी पहाटे ब्लाझ खुशीत होता. बस गावाबाहेरच्या थांब्यावर थांबली, दार उघडलं, आणि तोमो वर चढला.

त्याच्या दोन्ही पापण्या टम्म सुजलेल्या होत्या. डोळ्यांच्या नुसत्या फटी, त्यांतून पाणी गळत होतं.

"बघतोस काय?" तोमो म्हणाला. "बायकोने नाही मारलं. औषधाच्या दुकानात चाललोय. डोळ्यांची नुसती आग होतेय, आणि अंगात कणकण आहे रात्रीपासून."

"कधीपासून?" ब्लाझने विचारलं. आपला आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"काल संध्याकाळपासून. चल लेका, दार लाव, थंडी येतेय."

तोमो मागच्या बाकावर जाऊन टोपी डोळ्यांवर ओढून बसला. कशाने झालं, हा एक प्रश्न ब्लाझला विचारता आला असता. हिंमत झाली नाही. शहरापर्यंतचा तासभर तो आरशातून तोमोकडेच बघत होता, आणि एका वळणावर समोरचा दुधाचा ट्रक त्याला अगदी जवळ येईस्तोवर दिसला नाही. तोमो उतरून गेला तरी ब्लाझचे हात स्टिअरिंगला चिकटलेले होते. दवाखान्याची पिवळी इमारत बसस्थानकाच्या समोरच. तिच्याकडे त्याने मान वर करून बघितलं नाही.

घरी परत आला तेव्हा त्याची लेक विश्न्या आरशासमोर उभी होती. तिला सहावा महिना. नवरा आयर्लंडमध्ये गोदामात कामाला, म्हणून ती बापाकडे आलेली. तिला डोहाळे कसले, तर धुरावरच्या तिखट सॉसेजचे. डॉक्टरांनी कच्चं मांस बंद सांगितलं होतं, आणि ही सॉसेजं शिजवत नाहीत, नुसती धुरावर वाळवतात. तिने स्वतः बापाला विचारलं होतं, "बाबा, हे तपासलेलं आहे ना? खाल्लं तर चालेल ना चार तुकडे?" आणि हा म्हणाला होता, "साफ आहे गं पोरी. खा."

"बाबा, बघा ना माझं तोंड," आरशातूनच ती म्हणाली. "डोळे कसे सुजलेत. पायही जड झालेत. मळ्यात असं जायचं म्हणजे लोक हसतील."

ब्लाझ भिंतीला टेकला.

"ताप आहे का तुला?"

"ताप कशाला येईल? नर्सबाई म्हणाल्या, या दिवसांत सूज येतेच." ती वळली. "तुम्हाला काय झालं? पांढरे फटक पडलात."

"तू ते सॉसेज... किती खाल्लंस आतापर्यंत?"

"अहो, मोजून खातं का कोणी? रोज थोडं थोडं." ती हसली. "का, संपलं म्हणून राग आला?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. जंत अंगात रुजायच्या आत औषध सुरू झालं तर बरं, उशीर झाला तर अवघड, आणि पोटुशीला तर ते औषध देतानाही डॉक्टर दहादा विचार करतात. हे सगळं ब्लाझला ठाऊक होतं, दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं त्याने दहा वर्षं वाचलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं! लेकीला सांगायचं, लोव्रोला सांगायचं, बंदूक जाणार, मंडळातून नाव जाणार, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तो नुसता म्हणाला, "आज खाऊ नकोस. खारट झालंय." आणि कोट चढवून निघाला. ती मागून म्हणाली, "थांबा की, मीही येते."

चढावर ती त्याच्या हाताला धरून चालत होती, मध्ये मध्ये थांबून श्वास घेत होती. ती थांबली की तो तिच्या तोंडाकडे बघत होता. दमली म्हणून थांबली, की दुखतंय म्हणून?

मळ्यात पन्नाससाठ माणसं होती. पोरं वेलींच्या रांगांतून धावत होती. लोव्रोच्या पावांची टोपली, वाइनचे जग, आणि लांब फळीवर त्या मादीची शेवटची सॉसेजं, लालभडक, मांडून ठेवलेली. तोमो एका खोक्यावर काळा चष्मा लावून बसला होता. लोकांनी वेलीला माळ बांधली, मुळाशी वाइन ओतली. मग लोव्रोने सुरी वर धरली.

"ब्लाझ, काय?"

सगळे थांबले. ग्लास हातात, तोंडं हसरी. एका पोराने आत्ताच हात पुढे केला होता. विश्न्या बापाकडे बघत होती, तीही हसत होती, दरवर्षीसारखी.

ब्लाझ फळीवरच्या सॉसेजांकडे बघत राहिला.

"अरे बहिरा झालास काय? ब्लाझ, काय?"

"थांबा," ब्लाझ म्हणाला. "कापू नका. कुणी खाऊ नका ते."

"म्हणजे?"

"नेलीच नाही मी बरणी. या डुकराची नाही, आधीच्या दोन्हींचीही नाही. नाल्यात ओतल्या." "तोमो, मला माफ कर. तुझे डोळे बघितले तेव्हाच सांगायला हवं होतं. डॉक्टरकडे जा, आजच्या आज जा."

तोमो खो खो हसत सुटला. त्याने चष्मा काढला.

"अरे गाढवा! हे डोळे? काल मंडळाचं फाटक जोडत होतो मी, मुखवट्याची काच फुटकी होती. वेल्डिंगचा झटका आहे हा! वर्षातून दोनदा होतो मला. कणकण म्हणजे सर्दी." तो लोव्रोकडे वळला. "बघितलंत अध्यक्ष? फुकटचं फाटक, आणि बक्षीस काय तर जंत!"

दोघंचौघं हसले. चोराच्या मनात चांदणं! उगाच बोललो, गप्प बसलो असतो तर, असं एक क्षण ब्लाझच्या मनात आलं, आणि त्याची त्यालाच शिसारी आली. कारण तोवर हसणारेही गप्प झाले होते. तोमोचे डोळे वेल्डिंगचे असतील, पण सॉसेज कुणीच तपासलेलं नव्हतं. आणि ते सगळ्यांनी महिनाभर खाल्लं होतं. एक बाई आपल्या पोराचा चेहरा उजेडाकडे करून त्याच्या पापण्या बघायला लागली. मग दुसरीने बघितल्या. थोड्या वेळाने सगळा मळा एकमेकांच्या डोळ्यांत बघत होता.

"का केलंस?" लोव्रोने विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता.

"फीच्या पैशांत काडतुसं येत होती."

"किती?"

"पाच."

लोव्रोने सुरी फळीवर ठेवली. "पाच," तो म्हणाला. "मागितली असतीस तर मी दिली असती रे."

विश्न्याने दोन्ही हात पोटावर ठेवले होते. ब्लाझ तिच्याकडे पाऊल टाकायला गेला, तर ती मागे सरकली.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "मी विचारून खाल्लं, बाबा."

लोव्रोने सॉसेजं गोळा केली, फ्रीजरमध्ये त्याच मादीच्या मांडीचा तुकडा होता तो घरून घेतला, आणि पावाची गाडी घेऊन स्वतः शहरात गेला. दोन तासांनी परत आला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई लगेच तपासायला बसल्या होत्या आणि फोन करणार होत्या. मंडळाचा म्हणून त्यांच्या वहीत नंबर एकच होता, दहा वर्षांपासूनचा. ब्लाझचा.

घरी कुणी गेलं नाही. मळ्यातल्या झोपडीत आणि बाहेर बाकांवर सगळे बसून राहिले. पोरांना पाव मिळाला, तोही कुणी खाईना. कुणी आपल्या दंडाचे स्नायू दाबून बघत होतं, कुणी कपाळाला हात लावून. ब्लाझ दाराशी उभा होता, त्याला कुणी बस म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. विश्न्या आत चुलीपाशी बसली होती आणि तिची नजर बापाच्या हातातल्या फोनवर होती, बापावर नाही. देवा, ब्लाझ मनात म्हणत होता, मला जे करायचं ते कर, त्या पोरीला आणि तिच्या पोटातल्याला सोड. एवढ्या भीतीने तो कधी चर्चमध्येही बोलला नव्हता.

चारच्या सुमाराला फोन वाजला. ब्लाझने तो कानाला लावला.

"हां, मॅडम. हां, मीच." सगळे उठून उभे राहिले. "दोन्ही? सॉसेज पण आणि मांडीचं पण? दोनदा बघितलंत? नक्की ना, मॅडम?"

त्याने फोन खाली केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो हसत होता.

"साफ!" तो म्हणाला. "साफ आहे! काही नाही त्यात!"

कुणी ग्लास उचलला नाही, लोव्रोचा हात सुरीकडे गेला नाही. मघाशी हसणारा तोमो जमिनीकडे बघत होता. ती बाई पोराला आणखी जवळ ओढून उभी राहिली. ब्लाझने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. हाच शब्द, हाच आवाज, दहा वर्षं या माणसांनी यावर घास उचलला होता.

"अरे, खरंच साफ आहे," तो म्हणाला. "देवाशप्पथ."

विश्न्या चुलीपासून उठली. एक हात पोटावर ठेवून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि दुसरा हात तिने पुढे केला.

"बाबा, तो फोन द्या इकडे," ती म्हणाली. "मी विचारते त्यांना."

ब्लाझने फोन तिच्या हातावर ठेवला. तिने तोच नंबर पुन्हा लावला, आणि सगळे तिच्याभोवती गोळा झाले.