केतकी नावाचं पॅकेज

वृषालीने लेकीचं नाव नोंदवलं, त्या दिवसापासून लेक हाकेला ओ देईना. "केतकी!" म्हटलं की दारात चिकटपट्टी लावलेलं एक खोकं येऊन पडायचं. लेक समोरच पोहे चिवडत बसलेली. मान वर करील तर शपथ.

दोष कुणाचा? वृषालीचाच, आणखी कुणाचा! मुक्त सॉफ्टवेअर बनवून जगाला फुकट वाटणाऱ्या मंडळींतली ती. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक गाठोड्याला, म्हणजे पॅकेजला, नाव लागतं आणि एक नाव एकालाच मिळतं. त्या नावांचे नियम ठरवायचं काम तिच्याकडे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे काहीजण रिकामी पॅकेजं टाकून नावं अडवायचे. त्यांना ती फाडफाड बोलायची. आणि लेकीचं नाव कुणी पळवू नये म्हणून बाईने स्वतः तेच केलं.

ज्याला हाक मारता येत नाही ते माणूस हळूहळू दिसेनासं होतं. आधी शाळेची रिक्षा केतकीला न घेताच निघून गेली. मग श्रीपाद, तिचा सख्खा बाप, दोनच ताटं वाढायला लागला. वृषालीने 'चिमणे' म्हणून पाहिलं, 'सोनुले' म्हणून पाहिलं. तीही नावं कुणी ना कुणी घेतलेली. दारात नुसती खोकी साचत गेली. लेकीच्या खांद्यातून मागची भिंत दिसायला लागली, तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. खोकी तुडवत ती इनामदारकाकांकडे धावली. नोंदणीचं काम ते बघायचे.

"काका, पाया पडते, ते नाव सोडवा."

"सोडवलं असतं हो. पण तुमच्या रिकाम्या पॅकेजवर लोकांनी आपापली कामं उभी केलीत. वापरातलं नाव परत मिळत नाही. नियम तुम्हीच घातलाय."

"आग लागो त्या नियमाला! पोर विरत चाललीय माझी!"

काकांनी चष्मा पुसला. "मग बदली नाव द्या, ते पॅकेज त्या नावावर हलवू. तुमचं स्वतःचं हवं, तुम्ही ओ देता असं."

"वृषाली लिहा."

"ते कुणीतरी मागेच घेतलंय. म्हणून तर घरी तुम्हाला नुसतं 'अगं' म्हणतात."

"मग माझ्याकडे उरलं काय?"

"एक आहे की. नवल आहे, अजून कुणी कसं घेतलं नाही."

वृषालीला कळलं.

"लिहा," ती म्हणाली.

घरी येऊन तिने चपलाही न काढता हाक मारली, "केतकी!" खोकं आलं नाही. लेकीने मान वर केली. तिच्या खांद्याआड भिंत पुन्हा झाकली गेली होती. वृषालीने रडत रडत दोन्ही हात पसरले.

केतकीने वृषालीच्या आरपार घरभर पाहिलं. तिचा चेहरा कावराबावरा झाला.

"आई!" तिने हाक मारली.

दारात खोकं पडलं. केतकी वृषालीच्या पसरलेल्या हातांखालून धावत गेली, खोकं घट्ट पोटाशी धरलं, आणि नखाने चिकटपट्टी सोलू लागली.