नऊ मीटरवरून

मामाने टाचेने गोलसमोरची वाळू सपाट केली, हातमोज्यांचे पट्टे दातांनी ओढून घट्ट केले आणि दोन खांबांच्या मधोमध उभा राहिला. समोर नऊ मीटरवर लांब्या गुडघ्यावर बसून चेंडूखाली वाळूचा छोटा ढीग रचत होता. पेनल्टी होती.

शेजारच्या देशाचा हा आघाडीचा खेळाडू गेली नऊ वर्षं वाळूवरच्या फुटबॉलच्या प्रत्येक प्रादेशिक स्पर्धेत मामासमोर यायचा, आणि तोंड चालवत यायचा. मामा पोटापाण्यासाठी नळजोडणीची कामं करतो, हे त्याला कुठूनसं कळलं होतं. "जगाची गळती थांबवतोस, आणि स्वतःच्या गोलला हे एवढं भोक?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. आज तो गप्प होता. सामन्याआधी त्याने मामाला मिठी मारली होती आणि ती सोडायला जरा जास्तच वेळ लावला होता.

मामाची बायको जाऊन दहा आठवडे झाले होते. या दहा आठवड्यांत त्याच्याशी कोणी धड भांडलंसुद्धा नव्हतं. संघाच्या बसमध्ये तो चढला की रंगात आलेला विनोद अर्ध्यावर थांबायचा. खोलीतल्या जोडीदाराने खिडकीजवळचा पलंग न मागता सोडला होता. सरावात हातचा चेंडू सुटला तरी बचावातली पोरं "असू दे, असू दे" म्हणायची. घरी असं कोणी म्हटलं नव्हतं. बायको सामन्याचं चित्रण दोनदा बघायची आणि तोंडावर सांगायची, "हा तुझाच होता. दुसऱ्यांच्या नावाने खडे फोडू नकोस."

दोन्ही संघ उपांत्य फेरीत आधीच पोचले होते. आजच्या निकालाने कोणाचं काही बिघडणार नव्हतं. म्हणून तर आज गोलमध्ये मामा होता. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर प्रशिक्षक शेजारी येऊन बसले होते.

"आज तू खेळ. उद्या उपांत्य फेरीला धाकट्या गोलकीपरला उभा करतो."

"का सर? माझा गुडघा दुखतोय?"

"तसं नाही रे."

"मग हात कापतात?"

"तू फार सोसलंयस. आराम कर जरा."

सर चहात चमचा ढवळत राहिले. साखर त्यांनी घातलीच नव्हती.

शिट्टी वाजली. लांब्या चार पावलं धावला आणि त्याने चेंडू मारला. मारला कसला, पोचवला. चेंडू सरळ मामाच्या पोटाशी आला. हात पुढे करण्यापलीकडे त्याला काहीच करावं लागलं नाही. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. बाकावरून सर ओरडले, "वा मामा! शाब्बास!"

मामाने हातातल्या चेंडूकडे पाहिलं. त्याच्या पाच वर्षांच्या पुतणीने मारला असता तरी याहून जोरात आला असता. मान वर केली तर लांब्या वाळूकडे बघत मागे फिरत होता.

गोलकीपरला चेंडू चारच सेकंद हातात ठेवता येतो. पंचांनी एक बोट वर केलं. मग दुसरं.

"ए लांब्या!"

तो वळला. मामाने चेंडू खालून, अलगद, त्याच्या पायाशी टाकला.

"मामा, अरे काय हे?"

"मार."

"राहू दे ना."

"गेली ती. मी इथे उभा आहे. मार नीट."

"मामा, वेडा झालास काय?" बचावातला पोरगा पलीकडून धावत सुटला. लांब्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मामाकडे. त्याने पायाच्या अंगठ्याने चेंडू वर उडवला आणि तो खाली यायच्या आत पाय फिरवला.

मामाला चेंडू दिसलाच नाही. कानाजवळून वारा गेला, मागे जाळं फाटल्यासारखा आवाज आला, आणि झेपावलेला मामा तोंडावर वाळूत पडला. उठून तो दोनदा थुंकला. लांब्याने हात वर केले नव्हते. तो जवळ येऊन उभा राहिला होता.

"झालं समाधान?"

"आत्ता कसं! पुन्हा ये."

"येतो की. तेवढं भोक बुजवून ठेव."

बाकाजवळ गोंधळ उडाला होता. धाकटा गोलकीपर हातमोजे चढवून रेषेपाशी येऊन थांबला. सर हातवारे करत होते.

"मामा, बाहेर ये!"

"नाही येणार."

"डोकं ठिकाणावर आहे का? हातातला बॉल देऊन टाकतोस? दोनचे तीन झाले आपल्यावर!"

"चूक माझी आहे, सर. शिव्या द्या. पण बाहेर येणार नाही."

खेळ सुरू झाला होता, त्यामुळे पुढचं बोलणं राहून गेलं. आता ते लोक खरोखरीचे तुटून पडले. लांब्याने गोलकडे पाठ करून, हवेत उलटं होऊन मारलेला चेंडू मामाने बोटांच्या टोकांनी वर काढला. कोपऱ्यावरून आलेला पुढचा त्याच्या नडगीवर आपटून बाहेर गेला. तिसरा त्याला चकवून डाव्या खांबावर आदळला आणि परत आला. मामाने झडप घालून तो छातीखाली घेतला.

शाब्बासकी द्यायला सर आता बाकापाशी नव्हते. ते रेषेला चिकटून उभे होते आणि त्यांची मान लाल झाली होती.

"डावा खांब सताड उघडा टाकलायस, गाढवा! सरक अर्धं पाऊल! उद्याच्या संघाचा तो डावखुरा बरोब्बर तिथूनच घुसवेल!"

धाकट्याने सरांकडे पाहिलं. मग तो मागे जाऊन बाकावर बसला आणि हातमोजे काढू लागला.

मामा अर्धं पाऊल डावीकडे सरकला.