मिठाच्या वाटीने मोजलेला भात

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी, स्टीलची वाटी आहे. माझं तोंड जरा फटकळ आहे. पण आज सांगणार आहे त्यात फुशारकी मारावी असं काही नाही. माझ्यामुळे एका घराचं नुकसान झालं आहे.

मोठ्या वाट्या कापून उरलेल्या पत्र्यातून कारखान्यात मला ठोकून काढलं. दुकानदाराने सहा मोठ्या वाट्यांवर मला फुकट देऊन टाकलं. घरच्या आईने मला शेगडीजवळ मीठ ठेवायला घेतलं आणि पंधरा वर्षं मी तेच केलं. मोठ्या वाट्या जेवणाच्या टेबलावर मिरवत आणि मी कोपऱ्यात बसून जळत असे. एकदा तरी माझ्यातून कुणी जेवावं, एवढीच माझी हौस होती. ती पुरी झाली, पण अशी कुणाची होऊ नये.

आईची एकुलती एक लेक बावीस वर्षांची असताना तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. घरातलं मीठ जवळजवळ बंद झालं, म्हणून मला रिकामं करून कपाटात पालथं घातलं. लेक आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घेऊ लागली. तिला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागे. आईची किडनी तिला जुळत होती, पण आईचं वजन फार होतं. डॉक्टर म्हणाले, "पाच महिन्यांत नऊ किलो उतरवा, मग शस्त्रक्रिया करू."

आहारतज्ज्ञ बाईंनी सगळं नीट समजावून दिलं होतं. आई एका हॉटेलच्या धुलाईघरात दिवसभर उभी राहून चादरी इस्त्री करते. तिचं काम, वय, उंची धरून तिला दिवसाला साधारण दोन हजार कॅलरी लागत होत्या. बाईंनी पाचशे कमी करून पंधराशेचा तक्ता लिहून दिला. आठवड्याला अर्धा किलो उतरेल, त्याहून घाई नको, असंही बजावलं. आईने मान डोलावली. घरी आल्यावर मात्र तिने सगळं कपाट उपसलं आणि मला बाहेर काढलं.

"आई, ही तर मिठाची वाटी!" लेक म्हणाली.

"तक्त्यात एक वाटी भात, एक वाटी डाळ लिहिलंय ना? मग? ही वाटी नाही तर काय बादली आहे?"

लेक हसली. खूप दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं. आणि मी मूर्ख, हरभऱ्याच्या झाडावर चढले! माझ्यात भात आला, डाळ आली. दर सोमवारी आई वजनकाट्यावरून उतरली की मला पुसून म्हणायची, "फार गुणाची आहेस गं तू." मोठ्या वाट्यांकडे मी बघतसुद्धा नव्हते.

पाचव्या आठवड्यात तिचे केस माझ्यात गळू लागले. तिच्या हाताला कंप सुटला, त्यामुळे मी टेबलावर खडखडायचे. पोटात कावळे ओरडत असताना ती मलाही अर्धीच भरायची. मला ओरडून सांगायचं होतं, अगं बाई, थांब! पण वाटी कधी बोलते का?

सातव्या आठवड्यात ती धुलाईघरात इस्त्रीपाशीच कोसळली. रक्त तपासलं गेलं आणि आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, "येताना घरची वाटी घेऊन या." मी कागदात गुंडाळून गेले. त्यांनी मला पाण्याने भरलं, ते पाणी मापाच्या पेल्यात ओतलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, माझ्या वाटीच्या निम्मीसुद्धा नाही ही! सातआठशे कॅलरींवर राबत होतात तुम्ही!"

"पण मॅडम, सात किलो उतरले ना?"

"त्याबरोबर रक्तही उतरलं. डॉक्टर म्हणतात, अशा अंगावर मी सुरी चालवणार नाही. आधी नीट जेवायचं, अंगात रक्त भरू द्यायचं. मग उरलेले दोन किलो सावकाश. शस्त्रक्रिया ठरल्यापेक्षा चार महिने पुढे."

"तिला नाही जमणार हो आणखी चार महिने," आई म्हणाली. "यंत्राची सुई जाते ती तिच्या हाताची शीर आत्ताच दगा देतेय."

त्या संध्याकाळी आईपुढे मोठी वाटी भरून ठेवली होती. तिने एक घासही घेतला नव्हता. "माझ्या हाताने घालवले गं तुझे दिवस," म्हणून ती रडत होती. यंत्रावरून नुकतीच आलेली लेक पांढऱ्याफटक चेहऱ्याने समोर बसली.

"आई, मला तुझी एक किडनी हवीच आहे. पण दुसरीवर जगणारी आईही हवी आहे. रडून घे, पण जेव."

आई जेवली. रडत रडत, पण वाटी रिकामी केली. त्याला आज तीन आठवडे झाले. मी कपाटात पालथी पडून लेकीची पावलं ऐकते. जाताना ती जिना उतरते आणि परतताना दर चार पायऱ्यांवर थांबते. ते वाढीव चार महिने तिला मिळतील का, मला माहीत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला विसरू नका, आम्हाला वापरा. मी उलट हात जोडते. कुणाच्या घरात कितीही घाई असली, जीव कितीही टांगणीला लागला असला, तरी जेवण मोजायला मला काढू नका. मला इथेच पडू द्या.