सातवा खडा

मी एक जुना खडा आहे, मुठीत मावेन एवढा. एरवी नुसता खडा, भाद्रपदात तीन दिवस गौर. मित्रांनो, माझं माहेर यमुनेच्या वरच्या अंगाला, बर्फाच्या पायथ्याशी. तिथं भूर्जाच्या साली वाऱ्यावर फडफडतात. खाली उतरलं की देवदार, मग बुरांशाची लालभडक फुलं, मग चीड-पाइनच्या राळेचा वास. नदीनं मला आपटत, गोंजारत खाली बडकोट गावापर्यंत आणलं आणि गोल केलं. किती वर्षं लागली, ते तिलाच ठाऊक.

तिथून भालचंद्र आजोबांनी मला उचललं, सहा भावंडांसह. ते सरकारी दौऱ्यावर होते. राजधानीत, यमुनेजवळच्या मयूर विहारच्या घरी पद्मजा आजी खड्यांच्या गौरी बसवायच्या, आणि इथल्या काठावर त्यांना विटांचे तुकडे नि प्लॅस्टिकच सापडायचं. तेव्हापासून दर वर्षी आजी तोंडात पाण्याची चूळ धरून, मुक्यानं, आम्हाला बाल्कनीतल्या नळापासून देवघरात आणत. हळदकुंकू, घावन-घाटलं, सगळं साग्रसंगीत. तिसऱ्या दिवशी बादलीत विसर्जन, की पुन्हा स्टीलच्या डब्यात.

यंदा त्यांचा मुलगा इंद्रजित म्हणाला, बादलीत कसलं विसर्जन, चलो, खऱ्या यमुनेत सोडू. आजींनाही वाटलं, लेकी आपल्या नदीला भेटतील.

भेटल्या हो! काळं पाणी, वर फेसाचे ढीग, कडेला जलपर्णीचा गच्च थर. देवदाराखालून निघालेलं पाणी वाटेतच कालव्यांत वळवलेलं. इथं वाहत होती ती शहराची गटारं. आणि हिला तुम्ही आई म्हणता? आईच्या अंगावर कोण असं खरकटं ओततं? आजींनी नाकाला पदर लावला आणि एकेक करून सहाजणींना सोडलं.

सातवा मी, नात तनयाच्या हातात. तिनं मूठ उघडलीच नाही.

"टाक ना यार, गाडी रस्त्यात उभी आहे," इंद्रजित म्हणाला.

"आजी, पाहुणीला अशा घरी कुणी पाठवतं का?"

आजींचा पदर नाकावरून खाली आला. नातीची मूठ तशीच आपल्या हातात धरून त्या माघारी वळल्या. गाडीत एवढंच बोलल्या, "सहाजणींना मी माझ्या हातानं ढकललं गं."

आता डब्यात मी एकटा आहे. पुढल्या वर्षी आजी पाटावर कुंकवाची सात बोटं ओढणार आहेत. सहा जागा रिकाम्या राहतील.

मित्रांनो, विसर्जनाला मी भीत नाही, मी पाण्यातलाच. पण जिचं पाणी आजी तोंडात धरू शकतील, अशी नदी आधी करून दाखवा. तोवर मला हळदकुंकू वाहू नका.