डाव्या हाताचा रंधा

मी एक जुना रंधा आहे, मित्रांनो, आणि तोही डावखुरा. सुताराकडचा रंधा तुम्ही पाहिला असेल. लाकडाचा लांबट ठोकळा, त्याच्या पोटात तिरकं बसवलेलं पोलादी पातं आणि पातं हलू नये म्हणून ठोकलेली पाचर. लाकडावरून घासत नेला की पातळ ढलप्या निघतात आणि लाकूड गुळगुळीत होतं. मीही तसाच आहे. फक्त अंगठा टेकवायचा खळगा माझ्या उजव्या कुशीला आहे. त्यामुळे उजव्या हाताच्या माणसाने मला उचललं की त्याची बोटं भलतीकडेच पडतात आणि तो तोंड वाकडं करून मला खाली ठेवतो.

मला घडवलं ड्रायव्हरकाकांनी. ते बस चालवायचे. निवृत्त झाल्यावर घरात बसून माश्या मारण्यापेक्षा बरं म्हणून ते गोदामात भरणाऱ्या हस्तकलेच्या वर्गाला जाऊ लागले. वर्ग चालवणाऱ्या बाई मोठ्या खमक्या. सामान पायी जाऊन आणता येईल तेवढ्याच अंतरातलं हवं, हा त्यांचा पहिला नियम. आधी स्वतःचं हत्यार घडवायचं, मग बाकीचं, हा दुसरा. आणि दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नाही, हा तिसरा. हत्याराला एका हाताची सवय होते, दुसरा हात लागला की ते बिथरतं, असं त्या सांगायच्या.

रस्ता रुंद करताना कोपऱ्यावरचं तुतीचं झाड पाडलं होतं. त्याचा ओंडका काकांनी हातगाडीवरून ढकलत आणला. तो नीट वाळेपर्यंत बाईंनी त्यांना करवत लावू दिली नाही. काका रोज जाऊन ओंडक्यावर टकटक करून यायचे. पात्यासाठी डेपोच्या भंगारातून बसच्या चाकांवरच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, तुटका पोलादी पाटा मिळाला, लोहाराने तो तापवून ठोकून दिला. म्हणजे मी अर्धा झाड आणि अर्धा बस आहे, असं म्हटलं तरी चालेल.

लहानपणी डाव्या हाताने लिहितात म्हणून काकांनी बोटांवर छड्या खाल्ल्या होत्या. दुकानातलं कुठलंच हत्यार आपल्या हाताला धड बसत नाही, ही त्यांची जन्माची तक्रार. माझी पहिली ढलपी निघाली तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "अरे वा, याला कळतंय की!" तेव्हा मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मग काकूंचं उजवं अंग लुळं पडलं. जी बाई नवऱ्याला जन्मभर "तुमचं सगळं उलटंच" म्हणून हसायची, तिच्यावर आता सगळं डाव्या हाताने करायची वेळ आली. काकांनी कंबर कसली. डाव्या हातासाठी काठी केली, खुर्चीला डावीकडे रुंद हात केला, वाटी सरकू नये म्हणून कड असलेला पाट केला. सगळ्याला मी लागलो.

"अहो, मला नाही जमायचं," काकू रडकुंडीला यायच्या.

"मला जन्मभर जमतंय, तुला का नाही जमणार? मुकाट्याने चमचा धर," काका म्हणायचे, आणि मग दोघंही हसायची.

काकूंच्या खोलीचं दार मात्र फार खट्याळ होतं. चौकट जरा कललेली, म्हणून ते आपसूक मिटायचं, आणि हवा दमट झाली की फुगून चौकटीत गच्च बसायचं. काका दरवर्षी मला घेऊन त्याची कड तासायचे. "पोट सुटलंय बघ याचं," असं दाराला म्हणायचे.

एका सकाळी काका उठलेच नाहीत.

त्यांचा मुलगा फार भला माणूस. बापाची आठवण जपायची म्हणून त्याने मला स्वच्छ पुसलं, वर चकचकीत पॉलिश दिलं. कुणाला लागू नये म्हणून पातं आत सरकवलं, आणि पाचर हरवू नये म्हणून ती सरसाने चिकटवून टाकली. मित्रांनो, रंध्याची पाचर चिकटवणं म्हणजे त्याचं तोंड शिवणं. त्याने हे प्रेमाने केलं, म्हणून मला त्याचा रागही येईना. मग त्याने मला काकूंच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, कपबश्यांशेजारी ठेवलं. येणारेजाणारे म्हणायचे, "काय सुंदर आहे हो!" पण कपाट उघडून मला हातात घ्यावं, असं कुणाच्याही मनात आलं नाही. मला फार एकटं वाटायचं. कपबश्या निदान दिवाळीच्या पाहुण्यांसाठी तरी बाहेर निघायच्या, माझ्यावाचून कुणाचंच अडत नव्हतं.

असं मला वाटायचं. पण अडलं होतं ते काकूंचं. दमट हवा आली आणि दार पुन्हा फुगलं. मुलगा आणि सून सकाळी कामावर जायचे. विटेचा टेका लावून पाहिला, तर काकूंची काठी तिलाच अडखळली. मग "रविवारी सुतार आणतो" असं ठरलं. रविवार आले आणि गेले, सुतार काही आला नाही. एका हाताने काकूंना दार ओढता येईना. बाहेर जायचं म्हणजे शेजारणीला हाक मारायची, तिने येऊन बाहेरून खांदा लावायचा.

एक दिवस शेजारीण गावाला गेली होती. काकूंनी हाका मारल्या, मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. मग पलंगावर बसून राहिल्या. मी काचेआडून बघत होतो. दोघंही एकाच खोलीत, आणि एकमेकांच्या काही कामाचे नाही. संध्याकाळी मुलाने विचारलं, "आई, दिवसभर काय केलंस?" काकू म्हणाल्या, "काय करणार? बसले होते."

पुढे वर्गाच्या बाई भेटायला आल्या. गेलेल्या विद्यार्थ्यांची हत्यारं गोदामाच्या भिंतीवर लावायची, अशी त्यांची पद्धत. मला न्यायला त्यांनी कापडी पिशवीही आणली होती.

"नेऊ नका," काकू म्हणाल्या. "मला चालवायला शिकवा."

बाई अवघडल्या. "काकू, दुसऱ्याच्या हत्याराला हात लावत नाहीत आमच्याकडे."

"दुसऱ्याचं?" काकूंचा आवाज चढला. "अहो, त्यांचा सदरा मी धुतला, त्यांचा डबा मी भरला, त्यांचं घोरणं मी ऐकलं. आणि रंधा तेवढा दुसऱ्याचा?"

"पण आधी स्वतःचं हत्यार घडवायचं असतं ना!"

"एका हाताने? मग माझं दार मी मेल्यावरच उघडेल!"

बाईंनी पिशवीची घडी करून बाजूला ठेवली. त्यांनी मला कपाटातून काढलं, पाचर चाचपली आणि कपाळाला हात लावला. मग कोमट पाण्याचं फडकं गुंडाळून, हलके ठोके देऊन त्यांनी ती फोडून काढली. मला दुखलं, पण किती मोकळं वाटलं! "नवी पाचर तुम्ही करायची," त्या काकूंना म्हणाल्या. "तेवढी तुमच्या हातची झाली की रंधा तुमचा. बघा, चालतंय का."

तुतीचा एक तुकडा काकांच्या खोक्यात शिल्लक होता. बाईंनी तो खुर्चीच्या हाताला शिकंज्याने आवळून दिला आणि काकू कानस घेऊन बसल्या. पहिली पाचर जाड झाली, दुसरी मधेच फुटली. "मेली कुठली!" म्हणून त्यांनी ती भिरकावली आणि नवीन सुरू केली. अखेर एक जराशी वाकडी, पण घट्ट बसणारी पाचर झाली. बाईंनी पात्याला धार काढली आणि हात कसा चालवायचा ते दाखवलं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नव्हतं. जाताना सुनेने दार अर्धवट उघडं ठेवलं होतं. काकूंनी खुर्ची दाराला टेकवली, पाठ भिंतीला लावली आणि डाव्या हातात मला घेतलं. त्यांचा अंगठा बरोबर खळग्यात पडला. पहिल्यांदा मी अडलो, मग घसरलो. मग एक बारीक ढलपी निघाली. काकू घामाघूम झाल्या, बसल्या, उठल्या, पुन्हा लागल्या. शेवटी त्यांनी खुर्ची सरकवून दार मिटू दिलं. मला धडकी भरली. त्यांनी कडी ओढली, आणि दार उघडलं.

काकू काठी घेऊन निघून गेल्या. मला उचलून ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

संध्याकाळी मुलाने सवयीने दाराला खांदा मारला आणि थेट खोलीच्या मध्ये येऊन आदळला. खोली रिकामी. "आई! आई!" त्याने हाकांवर हाका मारल्या. उत्तर नाही. मग तो पलंगावर बसला, जमिनीवरच्या ढलप्यांकडे आणि माझ्याकडे बघत. इथे बसून हाका मारल्या आणि कुणीच आलं नाही की कसं वाटतं, हे त्याला त्या दिवशी कळलं असावं, कारण तो तोंड झाकून रडला.

तेवढ्यात काकू कोपऱ्यापर्यंत फिरून आल्या. "काय रे," त्या म्हणाल्या, "दार उघडं आहे ना? मग ओरडतोस कशाला?"

मित्रांनो, आता मी खिडकीत असतो. माझं काम वर्षातून एकदाच निघतं, आणि काकू बहुतेक बाहेरच असतात, त्यामुळे मी अजूनही एकटाच आहे. त्याचं मला काही नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, गेलेल्या माणसाची वस्तू जपायची असेल तर तिला कुणाच्या तरी हाताला लागू द्या. आणि तुमच्या घरात कुणाचं दार अडत असेल, तर ते आजच तासून द्या.