चाळीस किलोचा खवा

हर्षालीला टक्केवारी येत नव्हती असं नाही. पण परीक्षेच्या खोलीत तिचं घोडं नेमकं तिथंच पेंड खायचं. एमबीएच्या प्रवेश परीक्षेची ही तिची तिसरी खेप. गेल्या वर्षी सरकारी कॉलेज अवघ्या एका प्रश्नानं हुकलं होतं. इकडं सोलापूरकडच्या वाशी गावात आई, धुरपदाबाई, खव्याच्या भट्टीवर बसायची आणि धुरानं तिचे डोळे अधू होत चालले होते. यंदा नंबर लागला नाही तर शिक्षण बंद, कढई आपण सांभाळायची, असं पोरीनं स्वतःच कबूल केलं होतं.

सोलापूरच्या केंद्रात शेवटची तीन मिनिटं उरली असताना स्क्रीनवर प्रश्न आला: दुधात नव्वद टक्के पाणी, खव्यात वीस टक्के. चाळीस किलो दुधाचा खवा किती?

घरचीच भट्टी पेपरात! तिनं भराभर मांडलं. दुधातला घट्ट भाग चार किलो. पाणी उडालं तरी तो तेवढाच राहणार, आणि खव्यात तो ऐंशी टक्के. म्हणजे खवा पाच किलो. तिनं पाचावर टिचकी मारली.

मग शहाणपण आडवं आलं. चाळीसाला पाचच? भट्टीवर पाच किलो दुधाला एक किलो खवा हे माप कधी चुकलं नव्हतं. आठ निघायला हवेत, आणि पर्यायांत आठ होतेही! तिच्या तोंडचं पाणी पळालं. कागदावरच्या आकड्यांनी तिला दोनदा दगा दिला होता. आईच्या कढईनं एकदाही नाही. तिनं पाच बदलून आठ केले. वेळ संपली.

संध्याकाळी ती थेट भट्टीवर आली. धुरपदाबाईनं पदरानं डोळे पुसत विचारलं, "कसा गेला गं पेपर?"

"खव्याचं गणित होतं, आई. चाळीस किलो दूध, त्यात नव्वद टक्के पाणी."

"शंभरात नव्वद?" आई हसली. "आगं, मंग ते आपल्या म्हशीचं दूध न्हाय. मागं असलंच पाणचट दूध आलं हुतं, चाळीसाला पाचच निघाला."

दूध पातळ आहे हे प्रश्नातच लिहिलं होतं, आणि हर्षालीनं त्यात घरचं घट्ट दूध ओतलं. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागणं ते हेच.

"तू काय लिव्हलंस?"

"पाच," हर्षाली म्हणाली.

"शाब्बास! भट्टीवर वाढल्याचं कायतरी कामाला आलं की."

हर्षालीनं तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. "बाजूला सर आई, तू ऊठ आता."

आणि ती कढईपुढं बसली. तिचेही डोळे वाहायला लागले; धुराचं निमित्त होतंच.