यादीतला दुसरा

आपला पोरगा दुसऱ्या नंबरावरच राहू दे रे देवा, असं रोज सकाळी म्हणणारा बाप अख्ख्या क्लीव्हलँडमध्ये एकच होता. गस मिक्लिच. हे लोकांना कळलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यातच काढलं असतं, म्हणून बिचारा कुणाजवळ बोलत नव्हता.

गस नदीवरच्या उचलत्या पुलावर कामाला होता. खनिजाचं जहाज आलं की भोंगा द्यायचा, फाटकं पाडायची, पूल वर घ्यायचा, जहाज गेलं की परत खाली. तेवढ्या पंधरा मिनिटांत दोन्ही बाजूंना गाड्यांची ही रांग लागायची आणि रांगेतून शिव्यांचा पाऊस. एकतीस वर्षं तो शिव्या खात होता. या शहरात माणसाच्या डोक्याला ताप काय कमी आहेत? रस्त्यात टायर फाटतील असे खड्डे, पार्किंगला जागा नाही, कचऱ्याची गाडी आली तर आली. पण खड्ड्याला शिवी देऊन करणार काय? आणि दंडाची चिठ्ठी लावणारी बाई चिठ्ठी लावून केव्हाच पसार झालेली असते. पुलावरच्या केबिनमधला म्हातारा तेवढा काचेतून दिसतो. मग काय, "ए थेरड्या, झोपलास का? खाली घे ते धूड लवकर!" असं सोमवार ते शुक्रवार.

रविवारी हेच शहर स्टेडियममध्ये जाऊन बसायचं आणि तोच राग रिव्हरमेन या गावच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या क्वार्टरबॅकवर काढायचं. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात बॉल येतो तो. समोरून रेड्यासारखे चारपाच जण अंगावर धावून येत असतात, आणि त्यांनी पाडायच्या आत बॉल कुणाला फेकायचा ते त्यानं ठरवायचं. टीमकडे असे तीन असतात, खेळतो एकच. दुसरा टोपी घालून, हातात वही धरून कडेला उभा. तिसऱ्याला कुत्रं विचारत नाही. पहिला कोण, दुसरा कोण, याची यादी कोच लावतो, आणि ती यादी इथं लोक स्वतःच्या आजाराच्या रिपोर्टपेक्षा बारकाईनं वाचतात.

त्या यादीत दुसरा होता डॅमियन मिक्लिच. गसचा एकुलता एक. वय चोवीस.

गस स्वतः कमी भक्त नव्हता हो. वडिलांनी स्टेडियममध्ये घेतलेल्या दोन खुर्च्या त्यानं जन्मभर सोडल्या नव्हत्या. टीम हरायची, हरायची आणि पुन्हा हरायची, आणि हा बर्फात, वाऱ्यात, सर्दी-खोकल्यात जाऊन बसायचा. पोराला टीमनं घेतलं त्या दिवशी तो लोरेटाला, म्हणजे बायकोला, स्वयंपाकघरातच मिठी मारून रडला होता. आमच्या घरातला एक जण रिव्हरमेनचे कपडे घालणार! माणसाला आणखी काय पाहिजे?

मग ऑगस्टमध्ये एका दुपारी डॅमियन पुलाच्या केबिनमध्ये आला. खुर्चीत बसला, नदीकडे तोंड करून.

"बाबा, एक सांगू? आईला सांगायचं नाही."

"पोरीचं काही आहे का?"

"नाही रे. डोक्याचं आहे. परवा सरावात पडलो ना, तेव्हापासून सकाळी उठलो की दोन दोन खिडक्या दिसतात. काल गाडी घेऊन निघालो आणि घरचा रस्ताच आठवेना. पेट्रोल पंपावर थांबून रडलो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"सांगतोय कोण डॉक्टरला! कॉलेजातही एकदा असंच झालं होतं, तेही कुणाला सांगितलेलं नाही. दोनदा झालं म्हटल्यावर मला बाहेरच काढतील. बाबा, मला दुसरं काही येतं का?"

"अरे पण डोकं आहे ते! हात-पाय असते तर गोष्ट वेगळी."

"मी दुसरा आहे ना? दुसऱ्याला कोण मारतंय? वही धरून उभं राहायचं. तोवर होईल बरं. शब्द दे मला."

आणि या शहाण्यानं शब्द दिला. पोराचं तोंड बघून दिला. त्या दिवसापासून त्याचा जीव टांगणीला लागला, आणि टांगलेला होता तो कोल्बी रेन्शॉच्या खांद्याला. हा रेन्शॉ म्हणजे यादीतला पहिला. तो चांगला खेळला की डॅमियन सुरक्षित. आणि तो मेला खेळत होता कसा? बॉल आपल्या माणसाला सोडून समोरच्यांना वाटत सुटला होता, जसा काही वाढदिवस आहे. अख्खं स्टेडियम त्याच्या नावानं बोंबलायचं, आणि गस एकटा टाळ्या वाजवायचा.

"तुला झालंय काय?" शेजारच्या खुर्चीतला वेंडेल ओरडायचा. वेंडेलनं पूर्वी कचऱ्याची गाडी चालवली होती आणि आता वीस वर्षं तो गसच्या उजव्या कानात ओरडत होता. "स्वतःचा पोरगा कडेला बसलाय आणि तू या दगडाला टाळ्या देतोस? लाज वाटते का?"

"एक संधी द्यावी माणसाला," गस म्हणायचा.

"संधी? याला तर हाकलून द्यावा बसमध्ये बसवून!"

ऑक्टोबरच्या शेवटी रेन्शॉनं एका सामन्यात पाच बॉल समोरच्यांना दिले. पाच! सत्तर हजार लोक एका सुरात ओरडायला लागले, मिक-लिच! मिक-लिच! रेडिओवर, बेकरीत, न्हाव्याकडे, सगळीकडे तेच. बेकरीवाल्यानं गसकडून पावाचे पैसे घेतले नाहीत. दंडाची चिठ्ठी लावणाऱ्या बाईनं त्याच्या गाडीवरची चिठ्ठी स्वतःच्या हातानं फाडली आणि वर म्हणाली, "काका, आपल्या गल्लीतला पोरगा आहे, आता खेळू द्या म्हणावं कोचला." गसनं मान हलवली आणि गाडीत बसून दोन मिनिटं नुसताच स्टिअरिंग धरून राहिला.

बुधवारी कोचनं यादी बदलली. पहिला मिक्लिच, दुसरा रेन्शॉ, तिसरा टेट नावाचा कुणीतरी नवा.

लोरेटानं चर्चमध्ये मेणबत्ती लावली, शेजारणी केक घेऊन आल्या. रात्री डॅमियनचा फोन आला तेव्हा गस अंगणात जाऊन बोलला.

"अजून दिसतात का रे दोन खिडक्या?"

"कधीकधी. बाबा, तू शब्द दिलायस."

"तेव्हा तू दुसरा होतास."

"बाबा, प्लीज. सगळं शहर माझं नाव घेतंय. तुझंही तेच नाव आहे ना?"

गस दोन रात्री झोपला नाही. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्यानं ठरवलं. गेला शब्द खड्ड्यात. पोरगा जन्मभर तोंड बघणार नाही, नको बघू दे, पण जगेल तर खरा. टीमनं घरच्यांना दिलेल्या कागदावर डॉक्टरांचा नंबर होता. दुपारी केबिनचं दार लावून घेऊन त्यानं तो फिरवला. "डॉक्टरांना देते, थांबा हं," एक बाई म्हणाली.

आणि नेमकं तेव्हाच नदीच्या वळणावर जहाजानं भोंगा दिला. जहाज काही कुणासाठी थांबत नाही. गसनं फोन कानाला लावूनच फाटकं पाडली, पूल वर घ्यायला घेतला. खाली रांग लागली. आता शिव्या सुरू होणार म्हणून त्यानं सवयीनं खांदे आखडले.

पहिल्याच ट्रकमधून एक जाडगेला माणूस उतरला, वर बघून डोळे बारीक केले आणि ओरडला, "अरे, हा तर त्याचा बाप! मिक्लिचचा बाप!"

मागच्या गाडीतली बाई उतरली. तिच्या मागचा उतरला. कुणीतरी हॉर्न वाजवला, दोनदा, नावाच्या ठेक्यात. मग सगळ्यांनी. या बाजूनं आणि पलीकडच्या बाजूनंही. मिक-लिच, मिक-लिच, शंभर गाड्यांचे हॉर्न आणि लोक हात वर करून केबिनकडे बघतायत. एकतीस वर्षं ज्या काचेवर थुंकी उडाली होती त्या काचेकडे. गसच्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलं. डोळे भरून आले. त्याचा बाप या देशात आला तेव्हा कचेरीतल्या कारकुनाला हे नाव नीट उच्चारतासुद्धा आलं नव्हतं, आणि आज सगळा पूल तेच नाव घेत होता.

"हॅलो?" फोनमध्ये डॉक्टर बोलत होते. "मिस्टर मिक्लिच? काय काम होतं?"

गसनं तोंड उघडलं. खाली ट्रकवाला त्याला सलाम ठोकत होता.

"काही नाही हो," गस म्हणाला. "पोराकडे लक्ष असू द्या, एवढंच म्हणायला केला होता."

"काळजीच करू नका. घोड्यासारखा ठणठणीत आहे!"

रविवारी शहरालगतच्या सरोवरावरून वारा नुसता कापत होता. डॅमियन मैदानात आला आणि सगळे उभे राहिले. गसही राहिला. पहिला बॉल बरोबर माणसाच्या हातात. दुसरा त्याहून लांब. वेंडेलनं गसच्या पाठीत असा धपाटा घातला की कॉफी सांडली. आणि गस ओरडायला लागला. सत्तर हजारांत त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. मिक-लिच! मिक-लिच! गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत ओरडला. भीती कुठं गेली कोण जाणे. टीम पुढे होती, पोरगा हसत होता, आणि गसला वाटलं, झालं असेल बरं. पोरगा म्हणालाच होता, होईल बरं.

मध्यंतरानंतर समोरचा एक धिप्पाड गडी मोकळा सुटला आणि डॅमियनवर आदळला. डोकं मागे जमिनीवर आपटलं. डॅमियन उठला, उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट! तो चालायला लागला, पण आपल्या माणसांकडे नाही. समोरची टीम गोल करून पुढची चाल ठरवत होती, हा शांतपणे जाऊन त्या गोलात उभा राहिला, त्यांच्यातलाच असल्यासारखा.

"बघ, बघ!" वेंडेल हसून हसून वाकला. "तुझा पोरगा त्यांच्या घरात घुसून ऐकतोय! काय छातीचा आहे!"

आजूबाजूचे सगळे हसले. आपल्या टीममधल्या एकानं धावत जाऊन डॅमियनला कोपराला धरून परत आणलं.

"बाहेर काढा त्याला!" गस ओरडला. म्हणजे त्यानं ओठ हलवले. घशातून नुसती फुसफुस बाहेर आली. दीड तास ओरडून आवाज पार बसला होता. त्यानं वेंडेलची बाही ओढली, हातानं मैदानाकडे दाखवलं. "हो रे हो, बघतोय मी!" वेंडेल म्हणाला आणि पुन्हा नावाचा गजर करायला लागला. त्या गजरातच डॅमियनच्या हातात बॉल आला. त्यानं तो फेकला नाही, पळालाही नाही. हातात काय आहे ते बघत उभा राहिला, आणि समोरचे तिघे एकदम त्याच्यावर येऊन पडले.

या वेळी तो उठला नाही.

गस पायऱ्या उतरत निघाला. वर येणाऱ्यांच्या हातातल्या बिअर सांडल्या. "ओ आजोबा, खाली बसा, दिसत नाही!" खाली कठड्यापाशी रखवालदारानं हात आडवा धरला.

"पास?"

"मी बाप आहे त्याचा," गस फुसफुसला.

"काय?"

गसनं स्वतःकडे बोट दाखवलं, मग मैदानाकडे.

"आज इथं सत्तर हजार बाप आलेत, आजोबा. जागेवर जा."

गसनं पाकिटातलं लायसन्स काढून त्यावरचं नाव दाखवलं. रखवालदाराचा चेहरा पडला. त्यानं कुणाला तरी हाक मारली. पलीकडून छोट्या गाडीवर डॅमियनला नेत होते, मान पट्ट्यात आवळलेली, एक हात गाडीबाहेर लोंबकळत. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. गाडी बाहेर जायच्या बोगद्यात पुरती शिरलीही नव्हती, तेवढ्यात रेन्शॉ टोपी काढून मैदानाकडे निघाला आणि वरच्या खुर्च्यांमधून हुर्यो उठली. मग एका कोपऱ्यातून सुरू झालं, टेट! टेट! टेट! बघता बघता सगळ्या स्टेडियमनं ते धरलं. तिसऱ्याचं नाव. त्यातला एक आवाज वेंडेलचा होता, गसला तो गर्दीतही ओळखू आला.

टीमच्या डॉक्टरांबरोबरची एक तरुण मुलगी हातात कागद घेऊन धावत आली.

"तुम्ही वडील ना? लवकर सांगा, गोंधळू नका. याआधी कधी त्याच्या डोक्याला असा मार बसला होता का?"

गसनं बोलायचा प्रयत्न केला. आवाज नव्हता. त्यानं दोन बोटं वर केली.

"दोनदा?" ती कागदावर लिहिता लिहिता थांबली. "आमच्याकडे तर एकाचीही नोंद नाही. कुणाला माहीत होतं हे?"

गसनं एक बोट मिटलं आणि उरलेलं स्वतःच्या छातीला लावलं.